रविवारची उपासना संपल्यावर: सोमवार ते शनिवार ख्रिस्ती जगायचं कसं, पायरी पायरीने

जय ख्रिस्त मंडळी,

आधीच सांगते, मी पाळक नाही, बायबल कॉलेजला गेलेली नाही. मी स्टाफ नर्स आहे, माहेर नगर जिल्ह्यातलं, सध्या पुण्यात, आणि घरात ख्रिस्ती होऊन चौथी पिढी. म्हणजे उपासनेत कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कुठलं गीत कुठल्या चालीवर, हे सगळं झोपेतही जमतं. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं आत्म्याचं फळ तर लहानपणीच पाठ, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, एका दमात म्हटलं की संडे स्कूलच्या बाई गोळी द्यायच्या. गोळ्या भरपूर खाल्ल्या. पण सोमवारी सकाळी सात वाजता, गॅसवर दूध, दारात पाणीवाला आणि आठच्या ड्युटीची घाई असताना यातलं काय आणि कसं करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

मग एकदा असं झालं. उपकारस्तुतीच्या रविवारी मी इमारत फंडाला पाकिटात पाच हजार घातले, पुढे नाव वाचलं गेलं, आजूबाजूच्यांनी मान वळवून बघितलं, बरं वाटलं, खोटं का बोलू. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता आमच्या कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, मागच्या महिन्याचं राहिलंय, पोराची फी भरायची होती." मी विसरले नव्हते हो. मी पुढे ढकललं होतं, कारण मावशी काही बोलत नाहीत हे मला माहीत होतं. त्यांच्या हक्काचे तीन हजार माझ्याकडे पडून, आणि मी पाच हजारांची दाती.

त्या दिवसापासून जे काही शिकत गेले, पडत गेले, ते इथे क्रमाने लिहितेय. नुकताच बाप्तिस्मा किंवा दृढीकरण झालेल्यांसाठी, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्यांसाठी, आणि बरीच वर्षं नाताळापुरतंच चर्चला जाऊन आता परत आलेल्यांसाठी. कॅथलिक असाल तर काही शब्द वेगळे असतील तुमच्याकडे, मिस्सा, फादर वगैरे, बाकी काम तेच.

काय काय लागेल

- शंभर पानी एक रेघी वही. फोनमधली नोट नको, फोन उघडला की आपण वहीपर्यंत पोचतच नाही.
- बायबल. पण पहिल्या महिन्यात फक्त दोनच ठिकाणं, मत्तय ५ ते ७ म्हणजे डोंगरावरील प्रवचन, १११ वचनं, आणि याकोबाचं पत्र, पाच छोटे अध्याय. एका बैठकीत होतं. मग परत तेच. वर्षात अख्खं बायबल वाचायची योजना नंतर करा, मी तीनदा केली आणि तिन्ही वेळा लेवीयमध्ये, म्हणजे जुन्या करारातल्या नियमांच्या पुस्तकात, अडकले.
- दोन पाकिटं, एक देण्याचं आणि एक दानाचं. फरक खाली सांगते.
- तोंडावर खरं बोलणारा एक माणूस. शक्यतो नवरा-बायको नको, तिथे आधीच बरंच काही चालू असतं. माझ्यासाठी आमच्या महिला मंडळातल्या एक रिटायर्ड शिक्षिका आहेत.
- कागदपत्रं काहीच नाहीत. बाप्तिस्म्याचा दाखला चर्चमधल्या लग्नाला लागतो, याला लागत नाही.

१. आधी उधारी लिहून काढा

सुरुवात प्रार्थनेच्या वेळा ठरवण्यापासून करू नका, सद्गुणांचा तक्ता करून भिंतीलाही लावू नका. वहीच्या पहिल्या पानावर उधारी लिहा. आपण कुणाचं काय लागतो.

मत्तय ५:२३-२४ नीट वाचा. तिथे म्हटलंय की वेदीपाशी दान आणताना तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. कितीतरी वर्षं मी हे उलटं वाचत होते, म्हणजे 'माझ्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर'. त्यामुळे पहिल्यांदा यादी करायला बसले तेव्हा मला कुणी कुणी दुखावलं त्यांची नावं लिहिली, दहा मिनिटांत चौदा नावं, अगदी तारखांसकट. ते पान फाडलं. दुसरी यादी, म्हणजे माझ्यामुळे कोण दुखावलंय त्यांची, करायला तीन दिवस लागले, आणि दोन नावं तर नवऱ्याने आठवण करून दिली तेव्हा लिहिली.

यादीत फक्त पैसे नसतात. माझ्या यादीत होतं: मावशींचा पगार, एका मैत्रिणीचे दीड हजार, दुसऱ्या सिस्टरने माझ्याऐवजी केलेल्या दोन नाईट ज्या मी अजून परत केल्या नव्हत्या, शेजारच्या काकूंचे दोन स्टीलचे डबे, आणि नगरला असलेल्या माझ्या ताईला 'रविवारी फोन करते' असं कितीतरी रविवार सांगून न केलेला फोन. डबे बघून हसू येईल, पण काकू आमच्याकडे हल्ली खीर का पाठवत नाहीत ते मला त्या डब्यांमुळे कळलं.

२. पैशाचं देणं आधी, दान नंतर

देण्याच्या पाकिटात मजुरी, उसने, दुकानाची उधारी. दानाच्या पाकिटात दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चचं अर्पण, कुणाला मदत. पहिलं रिकामं झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा माझा नियम. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंतसुद्धा ठेवू नका असं आहे, आणि याकोब ५:४ मध्ये तर अडवलेली मजुरी स्वतः ओरडतेय. आम्ही ते वचन कुणाला तरी शेतमालकांना लागू असेल म्हणून सोडून द्यायचो, पण घरी भांडी-धुणं करणाऱ्या बाईचे मालक आपणच असतो हो, तिच्या दृष्टीने.

आमच्या पाळकसाहेबांना हा नियम सांगितला तर ते म्हणाले, जकातदार जक्कय आधी गरिबांना अर्धी मालमत्ता देतो म्हणाला आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट नंतर, लूक १९ बघा. बरोबर आहे, क्रम तसाच आहे. पण जक्कयाकडे दोन्ही करायला पैसे होते, माझ्याकडे पगाराच्या चार तारखेनंतर एकच काहीतरी होतं.

प्रॅक्टिकल सांगायचं तर १ तारखेचा रिमाइंडर लावा, मावशींकडे यूपीआय नसेल तर रोख आदल्या दिवशीच काढून ठेवा, आणि देताना "घ्या हो, बघा लगेच दिले" असलं काही म्हणू नका. त्यांचेच आहेत. सणाला साडी दिली म्हणून पगार उशिरा चालतो असंही नसतं.

अजून एक, हे मला फार उशिरा सुचलं. आपण शब्बाथ म्हणून रविवारी उपासनेला जातो आणि मावशी रविवारी आपल्याकडे दुप्पट भांडी घासतात, कारण रविवारी मटण असतं. निर्गम २० मधली आज्ञा वाचा, विसावा तुला आणि तुझ्या दास-दासींनाही, असं स्पष्ट लिहिलंय. मावशी ख्रिस्ती नाहीत, त्यांना रविवारचं काही नाही, म्हणून मी विचारलं सुट्टी कुठल्या वारी हवी, त्या म्हणाल्या रविवारच द्या, पोरं घरी असतात. आता मटणाचं पातेलं मी घासते. महिनाभर चिडचिड झाली, मग मुलगा मदतीला यायला लागला.

३. माफी मागायला जाताना

पैशाचं सोपं असतं, दिलं की संपलं. माणसांचं अवघड. वॉर्डात एकदा एका औषधाच्या वेळेवरून गोंधळ झाला, चूक हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देण्यात, होती, म्हणजे माझी आणि दुसऱ्या सिस्टरची दोघींची, पण राउंडच्या वेळी मी गप्प बसले आणि सगळं तिच्या अंगावर गेलं. हे यादीत सगळ्यात वर होतं आणि सगळ्यात शेवटी केलं.

पद्धत साधी आहे:

एकटीला गाठा, चहाच्या वेळी सगळ्यांसमोर नको. काय केलं ते एका वाक्यात सांगा, 'त्या दिवशी चूक माझीही होती आणि मी बोलले नाही'. 'पण' हा शब्द आला की थांबा, पुढचं सगळं स्वतःच्या बचावाचं असतं. भरपाई करता येत असेल तर ती सांगा, मी इनचार्ज सिस्टरना जाऊन खरं काय झालं ते सांगितलं, हे आधी केलं आणि मग तिच्याकडे गेले. आणि मग निघा. "माफ केलंस ना?" असं विचारत उभं राहू नका, तो तिच्यावर अजून एक बोजा.

व्हॉट्सअ‍ॅपवर वचनाचं चित्र आणि हात जोडलेली इमोजी पाठवणं याला माफी मागणं म्हणत नाहीत.

काय झालं म्हणाल तर ती "बरं" म्हणाली आणि कामाला गेली. गळ्यात वगैरे पडली नाही. पुढे सात-आठ महिने कामापुरतंच बोलत होती. मला राग यायचा की मी एवढी माफी मागितली तरी हिचं काय आहे. मग आमच्या त्या शिक्षिका बाई म्हणाल्या, तू देणं फेडलंस ना, पावती कशाला मागतेस.

४. खरं लिहा, खरं बोला

हे लिहायला लाज वाटते, पण या पायरीवर गोल गोल बोलून उपयोग नाही. नाईटला पहाटे चारची राउंड असते, टेम्परेचर, पल्स, बीपी बघून चार्टवर लिहायचं. पेशंट गाढ झोपलेला, बरा होत आलेला, आपले पाय भरून आलेले, आणि मग रात्री बाराच्या आकड्यात थोडा फरक करून चारच्या रकान्यात लिहून टाकायचं. मी हे केलंय. किती वेळा ते मोजलेलं नाही. कुणाला काही झालं नाही म्हणून कुणाला कळलं नाही, पण तो माणूस माझ्या भरवशावर झोपलेला होता.

मत्तय ५:३७, तुमचं बोलणं 'होय' तर होय, 'नाही' तर नाही एवढंच असावं. आपल्याकडे खोटं न बोलणं म्हणजे कोर्टात शपथ घेतल्यावर वगैरे असं वाटतं, खरं तर ते अशाच रकान्यांमध्ये असतं. तुमचा रकाना वेगळा असेल, हजेरी, टीए बिल, भाजीचा काटा, मुलांच्या प्रोजेक्टच्या वहीवर 'स्वतः केले' अशी सही. एकच निवडा. सगळीकडे एकदम खरं बोलायला गेलात तर चार दिवसांत घरी भांडणं करून बसाल आणि त्यालाही 'मी खरं बोलते' म्हणाल. मी चारची राउंड निवडली. त्या रात्रीपासून टॉर्च घेऊन उठते, झोपलेल्याच्या दंडाला पट्टा बांधते, कुणी शिव्या देतं, ठीक आहे.

५. तिसऱ्या माणसाबद्दल बोलणं

थोडक्यात सांगते कारण यात आपण सगळे एकाच होडीत. मत्तय १८:१५ पासून क्रम दिलाय, भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याला सांग, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. आमच्याकडे हे खालून वर चालतं, आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग दोघा-चौघांत चर्चा, आणि ज्याचं आहे त्याला शेवटी, तेही कुणाच्या तरी तोंडून. चर्च कमिटीच्या इलेक्शनच्या वर्षी तर विचारूच नका.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे 'प्रार्थनेसाठी सांगते हं'. अमक्याच्या मुलीचं असं असं झालंय, प्रार्थना करा. त्यातल्या किती जणी प्रार्थना करतात? मी आता एकच करते, कुणी असं सांगितलं की तिथेच म्हणते, चला आत्ताच करू, डोळे मिटा. निम्मी माहिती तिथेच थांबते.

६. सौम्यता आणि राग, आधी घरात

वॉर्डात नातेवाईक ओरडतात, डॉक्टर कुठे आहेत, दोन तास झाले, आमचा माणूस मरायची वाट बघताय का. पहिली काही वर्षं मीही ओरडायचे. नंतर एका सीनियर सिस्टरचं बघून एक वाक्य उचललं, "तुमचं ऐकायचंय मला, हे सलाईन बदलते आणि दोन मिनिटांत येते," आणि मग खरंच दोन मिनिटांत जायचं. हे खरंच जाणं महत्त्वाचं. नाही गेलात तर पुढच्या वेळी ते वाक्य कुणी ऐकत नाही. याकोब १:१९ मध्ये ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश असा क्रम आहे, ऐकणं पहिलं आहे म्हणून उरलेली दोन जमतात असा माझा अनुभव.

पण खरी गोष्ट पुढे. वॉर्डात साखर आणि घरात मिरची, हे माझं किती वर्षं चाललं होतं. अनोळखी माणसाच्या बेडपॅनला नाक मुरडलं नाही आणि सासूबाईंनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला की आवाज चढायचा. सासूबाई एकदा माझ्या मुलाला म्हणाल्या, "तुझी आई दवाखान्यात चांगली असते म्हणे, एकदा ॲडमिट व्हायला हवं." विनोद केला त्यांनी. मला मात्र लागलं.

माझा उपाय फार काही आध्यात्मिक नाही. ड्युटीवरून आल्यावर वीस मिनिटं कुणाशी बोलायचं नाही. तोंड-हात-पाय धुऊन गच्चीत नाहीतर बाथरूममध्ये, जे मोकळं असेल तिथे. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आल्या आल्या फुगून बसली म्हणतील. माझ्या रागातला बराचसा भाग भूक आणि अपुरी झोप असतो. उरतो तो मग पापाच्या खात्यात लिहायचा. इफिस ४:२६ मधलं, सूर्य मावळायच्या आत राग सोडा, हे नाईट ड्युटीवाल्यांनी आपापल्या सोयीने लावून घ्यावं.

७. दया करा पण हँडओव्हर द्या

नवीन लोक इथे सगळ्यात लवकर थकतात. पहिल्या उत्साहात सगळ्यांचं सगळं करायला जातात, सहा महिन्यांत चिडून घरी बसतात आणि म्हणतात, लोक वापरून घेतात.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सगळ्यांना येते. ती एकदा नर्सच्या डोळ्यांनी वाचा. लुटारूंनी मारून टाकलेल्या एका अनोळखी माणसापाशी तो थांबला, त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी काय केलं? उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, सांगितलं याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, आणि स्वतःच्या कामाला गेला. नोकरी सोडून उतारशाळेत राहिला नाही. पेशंटची माहिती, पैसे, पुढची भेट, सगळं सांगून चक्क हँडओव्हर दिला.

म्हणून मदत करताना तीन गोष्टी वहीत लिहा, काय करणार, किती दिवस, आणि नंतर कोण. माझ्या बिल्डिंगमधल्या एकट्या आजोबांचं इन्सुलिन मी घेतलं होतं, रोज सकाळी. तीन महिने केलं आणि मग माझी ड्युटी बदलली की गोंधळ. मग त्यांच्या भाचीला शिकवलं, दोन आठवडे शेजारी उभी राहिले, आता ती करते. आजोबा थोडे रुसले.

प्रेम म्हणजे नुसता कळवळा असं वाटत असेल तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी काय केलं ते बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, शेकड्यांनी. मग त्यांना जेवायला काय, प्यायला पाणी कुठून, पुढे पोट कसं भरायचं, यासाठी विहिरी, शेती, विणकाम, छापखाना. मला यातली विहीर सगळ्यात आवडते.

सापळा: रेशन वाटतानाचे, पेशंटला फळं देतानाचे फोटो स्टेटसला टाकणे. मत्तय ६:३, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आणि घेणाऱ्याचा चेहरा तर मुळीच दाखवू नका, त्याच्या मुलांच्या शाळेतले लोकही स्टेटस बघतात.

८. कुणाशेजारी बसता ते बघा

ही पायरी बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. आपण ख्रिस्ती झालो तरी 'तुमचं मूळ कोणतं' हे लग्न जुळवताना अजून विचारतातच, हळू आवाजात. याकोब २ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू पायाशी बस' म्हणणाऱ्या मंडळीला सरळ झापलंय, ते वाचून पुढच्या रविवारी बाकांकडे बघा.

करायचं एवढंच, महिन्यातून एका रविवारी नेहमीच्या जागेवर बसू नका. उपासनेनंतरच्या चहाला ज्यांच्याशी कधी बोलला नाहीत त्यांच्याजवळ थांबा, आडनाव न विचारता. आणि बोलावलं तर त्यांच्या घरी जा, जेवा.

हे हळूच होतं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली, आणि मधल्या काळात लक्ष्मीबाईंचं वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक, सोवळं, हे सगळं चालू होतं, सुटत सुटत सुटलं, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलंय. त्यांना वेळ लागला, मग आपल्याला लागेल, पण त्यांनी निदान सोवळं आहे हे कबूल तरी केलं होतं.

९. क्षमा, आणि तिथला सगळ्यात धोकादायक सापळा

साताच्या सत्तर वेळा क्षमा करा, हे खरं. पण हे वचन कुणाला सांगितलं जातं ते बघा. कॅज्युअल्टीत मी अशा बायका बघितल्यात ज्यांच्या अंगावर वळ असतात आणि सोबत आलेले नातेवाईक म्हणत असतात, क्षमा कर, प्रार्थना कर, तो बदलेल. असं सांगणं चुकीचं आहे आणि मी ते तुम्हाला लिहून देते.

क्षमा म्हणजे सूड घ्यायचा नाही, मनातलं विष हळूहळू काढायचं. मार खायला परत जाणं त्यात येत नाही. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागा, ११२ ला फोन, महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, लहान मुलांसाठी १०९८, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करून घ्या. क्षमेचं नंतर बघू, वर्षं लागली तरी चालतील.

रोजच्या छोट्या गोष्टींसाठी मात्र, म्हणजे जावेने बारशाला बोलावलं नाही, अमक्याने पैसे परत देताना दोनशे कमी दिले, यासाठी मी त्या फाडलेल्या पानाचं करते तेच करते, लिहिते आणि फाडते. काही नावं पुन्हा पुन्हा लिहावी लागतात. एक नाव मी गेली दोन वर्षं लिहितेय.

१०. उपवास

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. त्याचे ४० दिवस रविवार सोडून मोजतात, म्हणजे भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत तसे ४६ होतात, पहिल्यांदा करणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. नॉनव्हेज सोडलं, गोड सोडलं, चांगलंय, पण यशया ५८ आधी वाचा, तिथे उपास करून भांडणाऱ्यांबद्दलच लिहिलंय. मी एका वर्षी चहा सोडला होता आणि त्या ४० दिवसांत घरात जेवढी आदळआपट झाली तेवढी एरवी वर्षात होत नाही. त्यानंतरच्या लेंटला रात्री साडेनऊनंतर फोन सोडला. डायबेटिस असेल, गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील तर उपाशी राहू नका. डॉक्टरांना विचारा, पाळकांना नको.

११. शनिवारचा हिशोब

शनिवारी रात्री, कारण रविवारी अर्पणाची थैली फिरायच्या आधी हे व्हायला हवं. पाच मिनिटं, वही, चार ओळी. कुणाचं देणं आलं आणि दिलं का, कुठे खोटं लिहिलं-बोलले, घरात आवाज कुणावर चढला, कुणाला काही कबूल केलंय आणि राहिलंय. लांबलचक पश्चात्ताप लिहू नका, तो वाचायला छान वाटतो आणि काम तिथेच राहतं. महिन्यातून एकदा ही वही त्या खरं बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. मधले तीन-चार शनिवार बुडाले तर बुडाले, मागचं भरत बसू नका, आजची तारीख टाका आणि सुरू करा. माझ्या वहीत एकदा जूनवरून थेट ऑक्टोबर आहे.

नऊच्या नऊ फळांचे रकाने करून मार्क देऊ नका. मी केलं होतं, सौम्यतेला दहापैकी सात वगैरे. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने तिथे 'फळे' म्हटलेलं नाही, 'फळ' म्हटलंय, एकवचन. एकाच फळाच्या फोडी आहेत त्या, एक सडली की बाकीच्यांना वास येतोच.

आजचं माझं पान असं आहे: मावशींचे १ तारखेला दिले. चारची राउंड तिन्ही नाईट खरी केली. सासूबाईंवर दोनदा ओरडले, एकदा माफी मागितली, दुसरी राहिली. ताईचा फोन राहिला.

साडेनऊ वाजलेत, ताई दहाला झोपते, मी आधी तिला फोन लावते.